थोरल्या सुनेचा अंगठा

४ जून

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू दे बाजूला. आधी हे सांग, तू उठणार कधी?

मालिकेत थोरल्या सुनेच्या, म्हणजे तुझ्या, गाडीला अपघात झाला तेव्हापासून तू आडवी. रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या शेडमध्ये टीव्ही लागतो, सगळे ताटं घेऊन बसतात, आणि मी नाकात नळी घातलेलं तुझं तोंड बघत घास गिळतो. बोगद्याचं काम तुला माहीतच आहे. दिवसभर डोंगराच्या पोटात, कानात मशीन, दातांत दगडाचं पीठ. बाहेर आल्यावर बघायला काय, तर पुन्हा डोंगरच. फोन लागत नाही, पत्रंसुद्धा रेशनच्या ट्रकने येतात. तू टीव्हीत दिसतेस तेवढंच माझं घर. आणि माझं घर कोमात आहे.

आचारी रोज वाढताना विचारतो, "काय रे, बहीण उठली का?" परवा म्हणाला, "एवढा आराम आम्हाला मेल्यावरही मिळायचा नाही." सगळी शेड हसली. मी ताट आपटलं. ड्रिल मशीन चालवणारे एक आहेत, वयाने मोठे, त्यांना आम्ही ड्रिलमामा म्हणतो. त्यांनी माझी कॉलर धरून खाली बसवलं. म्हणाले, "गाढवा, ती मालिकेत आजारी आहे, तुझ्या घरात नाही."

पण मला तेच पटत नाही, म्हणून लिहितोय.

सुरुवातीचं गाणं बदललंय. शब्द तेच, चाल तीच, चेहरा तुझा, पण गळा तुझा नाही. मला कुणी सांगायला नको. वरच्या सुराला जाण्याआधी तू श्वास घेतेस तो ऐकू येतो, पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा. ही जी कुणी आहे ती श्वासच घेत नाही, इस्त्री फिरवल्यासारखी गाते. मी सगळ्यांना सांगितलं, ही माझी ताई नव्हे. तर आमच्यातला एक दीडशहाणा म्हणतो, "आधी तरी कुठे गात होती? नुसतं तोंड हलवत असेल." त्यावरून जुंपली. माझा ओठ फाटला, ते काही नाही, पण त्या दीडशहाण्याचा दात गेला.

आणि सोमवारी तुझा अंगठा हलला.

सासूबाई तुझ्या उशाशी रडत होत्या. कॅमेरा त्यांच्यावर, पण खालच्या कोपऱ्यात चादरीबाहेर तुझा हात होता. अंगठा दोनदा वर झाला. ताई, मी विसरलेलो नाही. बाबा चिडून घरी आले की आपण दोघं पांघरूण ओढून झोपेचं सोंग घ्यायचो, आणि तू अंगठा बाहेर काढून दोनदा हलवायचीस. म्हणजे मी जागी आहे, घाबरू नकोस.

काय चाललंय तिकडे? गोडगोड लिहू नकोस. खरं लिही.

तुझा
ठिणगी


१३ जून

चिरंजीव ठिणगी यांस,

ओठ बरा झाला असेल तर आता जरा मिटून ठेव.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं, मारामारी गाळून. तरी तिने विचारलंच, "कुणाला मारलंन् या वेळी?"

तुझं काम दगड फोडायचं, माझं काम पडून राहायचं. यात डोकं फिरवून घेण्यासारखं काय आहे? मालिकेत प्रत्येकाला पाळीपाळीने काहीतरी होतंच. सासऱ्यांची स्मृती गेली होती तेव्हा त्यांच्या भावाने नाही कुणाचे दात पाडले.

आणि पडून राहणं सोपं नसतं, बाबा. आजारी दिसायलासुद्धा मेकअप लागतो. मग दिवसभर दिव्यांखाली. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. परवा मला खरंच डोळा लागला. सासूबाईंचं रडणं ऐन रंगात आलेलं, आणि खालून माझं घोरणं. दिग्दर्शक ओरडला, "अहो, कोमातली बाई घोरत नाही!" सासूबाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. त्यांचे डोळे पुन्हा ओले करायला ग्लिसरीनची बाटली आणावी लागली.

गाण्याचं म्हणशील, तर माझा घसा बसला होता म्हणून दुसरीने गायलं. अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. एवढंच.

आई बरी आहे. सुरुवातीचं गाणं लागलं की टीव्हीचा आवाज घालवते, संपलं की परत आणते. विचारलं तर म्हणते, रिमोटचं बटण बिघडलंय.

टोपी घालतोस ना आत जाताना? ती पोलादी? आणि इथे कुणाला काही लिहू नकोस, कळवू नकोस. माझं मी बघते.

ताई


२२ जून

ताई,

घसा बसला होता म्हणे! तुझा घसा बसला की तू गळ्याला फडकं गुंडाळून घरभर फिरतेस आणि कुणी काही विचारलं तर कागदावर लिहून शिव्या देतेस. घोरण्याचे किस्से सांगत नाहीस. मला शाळेने फार दिवस ठेवून घेतलं नाही. वर्गात बसलो त्यापेक्षा दाराबाहेर जास्त उभा होतो. पण मुंग्या आलेला अंगठा कसा हलतो आणि बोलणारा कसा हलतो, एवढं मला कळतं. आईच्या रिमोटलाही काही झालेलं नाही.

कुणाला लिहू नकोस म्हणालीस. तुझं पत्र यायच्या आधीच माझं गेलं होतं, आता माझा नाइलाज आहे. मालिका संपली की खाली पत्ता येतो ना, आपलं मत कळवा म्हणून? मी मत कळवलं. थेट निर्मात्याला. ड्रिलमामा म्हणाले, "जरा मवाळ कर रे." मी म्हटलं, मवाळ माणसांनीच तर वाट लावलीय सगळ्याची.

नक्कल ठेवली नाही, पण मला पाठ आहे. ऐक.

"साहेब, मी थोरल्या सुनेचा सख्खा भाऊ. मी सुरुंगाच्या कामावर आहे. आमची टोळी एका धमाक्यात आख्खा कडा खाली आणते, आणि तुम्हाला एक बाई पलंगावरून उठवता येत नाही? पुढच्या महिन्यापर्यंत तिने उठून स्वतःच्या गळ्याने गाणं म्हटलं पाहिजे. नाही म्हटलं, तर मी रजा टाकून तिकडे येतो. मग बघा कसं काय हलतं ते."

कसं वाटलं? खाली सगळ्या टोळीच्या सह्या आहेत. आचाऱ्याचीसुद्धा. ज्याचा दात पाडला त्याला लिहिता येत नाही, त्याने अंगठा उठवला.

आता बघ कशी तंतरते त्यांची.

ठिणगी


५ जुलै

मूर्खा,

तंतरली त्यांची. अगदी तुला हवी होती तशी.

साहेबांनी, म्हणजे निर्मात्यांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. मी तशीच गेले, नाकातली नळी लोंबतेय, अंगात हॉस्पिटलचा झगा. तुझं मत टेबलावर पसरलेलं. म्हणाले, "हे काय आहे?" मी वाचलं. सुरुंग! धमाका! पुढच्या महिन्यापर्यंत! अरे, जगात स्वतःची ओळख अशी कोण करून देतं? तुला वाटलं तू आपला धंदा सांगतोयस. त्यांनी वाचलं की हा बाबा येऊन स्टुडिओ उडवणार. दारात पहारेकरी बसवलेत आता. माझा जेवणाचा डबा उघडून हुंगतात.

खरं हवं होतं ना तुला? घे.

साहेबांनी आपली भाची मालिकेत आणली, धाकटी सून म्हणून. मुलगी गोड आहे, वाईट नाही, पण सुराचं आणि तिचं जमत नाही. साहेब म्हणाले, तिची गाणी तू गा, पडद्यावर ती तोंड हलवेल, लोकांना वाटू दे तीच गाते. मी म्हटलं, गाते, पण मालिकेच्या नावांच्या पाटीवर गायिका म्हणून माझं नाव टाका. नाव मागितलं फक्त, ठिणगी. तो माझा गळा आहे, एवढं लोकांना कळावं. दुसऱ्या दिवशी हातात पुढच्या भागांचे कागद पडले, त्यात माझ्या गाडीला अपघात.

आमच्याकडे ही रीत आहे. जो डोईजड होतो त्याला मालिकेत मारत नाहीत. मेला तर त्याचा करार सुटतो, तो दुसरीकडे जाऊन काम करतो. म्हणून त्याला कोमात टाकतात. त्याने रोज यायचं, पडायचं, उठून जायचं. एक वाक्य नाही. लोक विसरेपर्यंत.

पण लोक विसरत नव्हते. गाणं दुसरीकडून म्हणवलं तर पत्रांवर पत्रं यायला लागली, तो आधीचा आवाज आणा. साहेब आज ना उद्या माझ्याकडे आलेच असते, पाटी घेऊन. पडून राहण्यात मला कुणी हरवलं नसतं. मी जिंकत होते, रे. आणि तेवढ्यात माझ्या भावाने सुरुंग लावला, तोही माझ्याच पलंगाखाली.

अंगठा? हो, तुझ्यासाठीच होता. जागी आहे, घाबरू नकोस. त्याचा अर्थ उठून दंगा कर असा कधीपासून झाला?

मी आता मिटवलंय. कसं ते विचारू नकोस. तुझं पत्र त्यांच्या कपाटात आहे आणि तिथेच राहील. तू काम कर. मला काही दिवस लिहू नकोस. माझा राग उतरला की मीच लिहीन.

ताई


२१ जुलै

ताई,

लिहू नकोस म्हणालीस. लिहितोय.

गुरुवारी धाकटी सून तुझ्या पलंगापाशी बसली, तुझा हात हातात घेतला आणि गायला लागली. आणि तिच्या तोंडातून तू आलीस. मी श्वास ऐकला. उडी मारायच्या आधीचा.

शेडमध्ये कुणी चावायलासुद्धा तयार नव्हतं. आचारी डाव हातात धरून तसाच उभा. तो दात पडलेला म्हणाला, "काय गाते रे ही धाकटी!" मला त्याचा दुसरा दात पाडावासा वाटला, पण त्या बिचाऱ्याची काय चूक? तू तिथेच पडली होतीस, शेजारी, डोळे मिटून, आपलंच गाणं दुसरीच्या तोंडून ऐकत. मी गाणं संपेपर्यंत फक्त तुझा अंगठा बघत होतो. नाही हलला.

असं मिटवलंस होय?

त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते न लिहिताही मला समजलं. गा, नाहीतर पत्र पोलिसांकडे जाईल आणि भाऊ आत. आणि तू गायलीस. मला विचारलंस? मी काय अजून तुझ्या पांघरुणातला पोरगा आहे? माझ्या बिनडोकपणाची किंमत तू तुझ्या गळ्याने का द्यायची? संताप संताप झाला माझा. त्यांच्यावर, तुझ्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या अक्षरावर.

शुक्रवारी मी कामावर गेलोच नाही. रेशनच्या रिकाम्या ट्रकने खाली उतरलो आणि पोलीस चौकीत गेलो. ड्रिलमामा न सांगता मागे चढले. म्हणाले, "तू एकटा बोललास तर फाशी घेऊन परत येशील."

मी फौजदारांना म्हटलं, "साहेब, मी धमकीचं पत्र लिहिलंय."

"कुणाला?"

"मालिकावाल्यांना."

"कशाबद्दल?"

"बहिणीला उठवत नाहीत म्हणून."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "थोरली सून? ती तुझी बहीण?" आणि आत बघून ओरडले, "अहो, या इकडे! थोरल्या सुनेचा भाऊ आलाय!" आतून दोन शिपाई धावत आले. त्यांना एकच विचारायचं होतं, ती वाचणार का.

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "आधी माझा गुन्हा लिहून घ्या!" मामांनी इतक्या जोरात चिमटा काढला की वळ आहे अजून. मग फौजदार सरळ बसले. मी सगळं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, त्यांनी जबाब घेतला. मामांनी कंपनीचा कागद दाखवला, की सुरुंगाची दारू कोठारात कुलपाखाली असते, किल्ली इंजिनिअरकडे, आणि या पोराच्या हातात नुसतं फावडं असतं.

हो. फावडं. सुरुंग दुसरे लावतात, उडालेले दगड मी उचलतो. आता तुला कळलंच.

फौजदारांनी मला अर्धी दुपार झापलं. महिन्यातून एकदा हजेरी लावायची आणि यापुढे टीव्हीला पत्र लिहायचं नाही, अशी ताकीद दिली. जबाबाची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडलीय. त्यांच्या कपाटातलं ते पत्र आता रद्दी आहे. त्यात पुड्या बांधा म्हणावं.

पुढे काय करायचं ते तुझं तू ठरव. पण माझ्या नावाने पडून राहू नकोस. मला सहन होत नाही.

ठिणगी


२ ऑगस्ट

ठिणगी,

फावडं!

अरे, तू मला एवढी पत्रं लिहिलीस, आज वात लावली, आज डोंगर हलवला. मी सेटवर ज्याला-त्याला ऐकवत होते, माझा भाऊ सुरुंग लावतो, साधासुधा नाही तो. म्हणून तर त्यांना तुझं पत्र खरं वाटलं! नाहीतर वेड्याचं म्हणून टोपलीत टाकलं असतं. तुझी बढाई आणि माझा तोरा, दोघांनी मिळून घोळ घातला. समोर असतास तर एक ठेवून दिली असती, आणि मग दुसरी स्वतःला.

तुझी प्रत मिळाली त्या दिवशी धाकटीच्या दुसऱ्या गाण्याचं शूटिंग होतं. प्रत मी पलंगावरच्या उशीखाली सरकवली आणि पडले. वाटलं होतं, सुट्टी झाल्यावर केबिनमध्ये जाईन, शांतपणे बोलेन. स्पीकरवर माझं गाणं लागलं. धाकटीने माझा हात धरला, तोंड हलवायला लागली. वरच्या सुराआधीचा माझा श्वास स्पीकरमधून आला आणि माझ्या छातीने तो खराच घेतला. मी काही ठरवलं नव्हतं रे. उठून बसले, नळी ओढून काढली आणि गायला लागले. स्पीकरच्या वर.

दिग्दर्शक ओरडतोय, "कट! कट!" कुणीतरी घाबरून स्पीकर बंद केला. झालं, मग तर एकटी मीच ऐकू यायला लागले. धाकटीचं तोंड सवयीने हलत राहिलं, मग थांबलं. हात मात्र तिने सोडला नाही. कडवं संपेपर्यंत तसाच धरून होती, आणि हळूच म्हणाली, "मामा मला मारून टाकतील." शिडीवर बसलेला दिवेवाला वरून ओरडला, "बाई उठल्या!" आणि टाळ्या पडल्या.

साहेब आले. म्हणाले, "ते पत्र आत्ताच्या आत्ता पोलिसांकडे जाईल."

मी उशीखालून तुझी प्रत काढून त्यांच्या हातात दिली. "जाऊन आलं."

त्यांनी दोनदा वाचली. शिक्का उजेडात धरून बघितला. मग म्हणाले, "करार मोडलास. कोर्टात भेटू."

म्हटलं, "भेटू. तिथे तरी माझं नाव मोठ्याने पुकारतील."

तर आता मी घरी आहे. खटला निकाली निघेपर्यंत मला कुणी दारात उभं करणार नाही, हे लहान पोरालाही सांगता येईल. भीती वाटते. मग राग येतो, आणि रागाने भीती जरा मागे सरकते. सकाळी रियाज करते. शेजारी भिंत ठोकतात. आई इकडून त्यांच्या दुप्पट ठोकते. रिमोटचं बटण आपोआप दुरुस्त झालं म्हणते.

तुझ्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण फावडं जपून चालव. टोपी घाल.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र शेडमध्ये मोठ्याने वाचलं. "जाऊन आलं" म्हणालीस तिथे ड्रिलमामांनी मांडीवर अशी थाप मारली की ताट उलटलं. आचाऱ्याने टोमणा न मारता त्यांना दुसऱ्यांदा वाढलं. असं आजवर झालेलं नाही.

मला वाटलं होतं, आता तो पलंग रिकामा दिसेल. कसला! थोरल्या सुनेच्या तोंडावर ऑपरेशन झालं म्हणे. तोंडभर पट्ट्या गुंडाळलेली एक बाई आणून झोपवलीय तिथे. नळी तीच, चादर तीच. आचाऱ्याने सवयीने विचारलं, "काय रे, बहीण..." आणि स्वतःच जीभ चावली. तो दात पडलेला म्हणाला, "ही त्याची बहीण नव्हे. ती उठली." पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकून घेतलं, मारामारी न करता. धाकटी आता गात नाही. नुसती बसून असते.

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी रोज त्या पट्टीवालीचा हात बघतो. चादरीबाहेर असतो, बारीक आहे, नखं चावलेली. कुणीतरी गरजेने आलेली पोरगी असणार. तिला तर चेहराही ठेवला नाही त्यांनी. तिचा अंगठा हलत नाही. हलवून कुणाला दाखवेल? आपल्याला कुणी बघतंय, हे तिला माहीतच नसेल. डोकं फिरतं माझं. तू उठलीस तर त्यांनी दुसरी आणून निजवली, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं चालू.

धाकटीने तुझा हात सोडला नव्हता म्हणतेस ना? तर तिच्याकडून त्या पोरीला निरोप दे. म्हणावं, अंगठा दोनदा वर करायचा. जास्त काही नको. इकडे डोंगरात आमची सगळी टोळी ताटं घेऊन बसलेली असते.

मी बघतोय म्हणावं.

ठिणगी